माकडांचा बंदोबस्त

रविवार, २ जुलै

सात पपया. सातही चाखलेल्या, खाल्लेली एकही नाही! प्रत्येकीला एकेक चावा मारून खाली टाकून दिली. पोटभर खाल्ल्या असत्या तर भूक म्हणून सोडून दिलं असतं. हा सरळ अपमान आहे.

या घरात येऊन एकतीस वर्षं झाली. चिरेमाईच्या डोंगरावर माकडं आहेत हे ठाऊक होतं, पण ती डोंगरावर होती. आज सकाळी अकरा जण आमच्या भिंतीवर ओळीने बसलेले, सभेला आल्यासारखे.

मिमिन दारातून बघत होती. म्हणाली, "अहो कांग, तुम्हीपण माझं कालवण असंच चाखता. एक घास घ्यायचा, तोंड वाकडं करायचं, ताट सरकवायचं." अशा वेळी बायकोने नवऱ्याच्या बाजूने असावं. नव्हती.

५ जुलै

गल्लीप्रमुख पाक कोसासी यांनी तातडीची सभा घेतली. सगळ्यांच्या परसात नासधूस आहे. कुणाचा मका, कुणाचे भुईमूग, कुणाची रताळी उकरलेली. 'माकड बंदोबस्त समिती' स्थापन झाली. चिटणीस म्हणून माझं नाव एकमताने. आता मी 'पाक चिटणीस', म्हणजे चिटणीससाहेब. पाटबंधारे कचेरीत तेहतीस वर्षं इतिवृत्तं लिहिली, ती विद्या कुठे तरी कामाला यायचीच.

शेजारच्या चेऊ ओनी, सगळ्यांच्या ओनीताई, मागच्या बाकावर शेंगा सोलत बसल्या होत्या. एकट्या राहतात, मुलगी लांब शहरात कारखान्यात असते. वयाने मोठ्या, म्हणून मला अजून 'अरे एमान' म्हणतात, सभेतसुद्धा. त्या म्हणाल्या, "अरे एमान, मागच्या महिन्यात ओढ्याकाठचे उंबर तोडलेत. खालची झुडपं जाळलीत. ती बिचारी जेवायची कुठे?"

ओढ्याकाठची साफसफाई हा वेगळा विषय आहे. सतरा ऑगस्टच्या, स्वातंत्र्यदिनाच्या, 'हिरवी गल्ली' स्पर्धेसाठी ती केली, आणि ठराव माझाच होता. आता तिथे हिरवळ आहे, रंगवलेले टायर आहेत, त्यात झेंडू आहे. उंबरांचा कचरा किती पडायचा!

इतिवृत्तात लिहिलं : "श्रीमती ओनी यांनी विषयांतर केले."

उपाय म्हणून मोठा फलक लावायचं ठरलं.

८ जुलै

फलक लागला. 'माकडांना प्रवेश नाही. समितीच्या आदेशावरून.' पाक कोसासींचा फोटो माझ्यापेक्षा मोठा छापलाय.

९ जुलै

फलकाला दोन पिल्लं लोंबकळत होती. दुपारपर्यंत पाक कोसासींचा चेहरा फाटला होता. माझा शाबूत आहे.

१२ जुलै

बाजारातून कापडी वाघ आणला, चांगला कमरेएवढा. पपईखाली ठेवला. टोळी आली, वाघाला बघून किंचाळली, पळाली. पाक कोसासींना बोलावून दाखवलं. त्यांनी वाघाबरोबर फोटो काढून घेतला.

१५ जुलै

वाघाच्या पाठीवर एक पिल्लू झोपलं होतं.

१६ जुलै

तिखटाचं पाणी करून भिंतीवर, कुंपणावर, पपईच्या बुंध्यावर चोपडलं. मग सवयीने डोळा चोळला.

उरलेला दिवस ओल्या फडक्याखाली. मिमिन शेजारणीला सांगत होती, "उपाय लागू पडतोय. एक जण तरी परसात पाय ठेवत नाहीये."

१९ जुलै

बुजगावणं उभं केलं. अंगात माझा कचेरीतला जुना गणवेश, खिशाला बिल्ला, डोक्यावर टोपी.

मिमिन बराच वेळ त्याच्याकडे बघत होती. म्हणाली, "हुबेहूब. कचेरीतही तुम्ही असेच उभे असायचात. तिथे तरी कोण घाबरायचं?"

संध्याकाळी बघतो तर टोपी गायब. एक म्हातारी माकडीण, डावा कान फाटलेली, ती घालून भिंतीवर बसली होती. तिला शोभत होती, हे फक्त इथे लिहितो.

२३ जुलै

एक गोष्ट खटकते. चेऊ ओनींच्या परसात नुकसान जवळजवळ नाही. आज पायाखाली बादली घेऊन भिंतीवरून पाहिलं.

भिंतीच्या कडेने सगळी हळद, आलं, कोळिंजन, गवती चहा, मिरच्या. माकडं तोंड लावत नाहीत असली पिकं बाहेर, आणि रताळी, भुईमूग आत घराला चिकटून. फणसांना कोवळेपणीच पोतं बांधलेलं. रोपांवर मासे धरायचं जुनं जाळं ताणलेलं. कचऱ्याच्या डब्याच्या झाकणावर दगड. पपया म्हणाव्यात तर एकही पिवळी नाही.

चेऊंनी खालूनच विचारलं, "काय रे एमान, उंची वाढली का एकाएकी?"

मग सांगितलं, पपई पिवळी व्हायच्या आदल्या दिवशी उतरवायची, तांदळाच्या डब्यात पिकवायची. माकड आलं तर त्याच्या डोळ्यात बघायचं नाही, दात दाखवायचे नाहीत, पळायचं नाही. काठी आपटत सावकाश चालत जायचं, रोज, कंटाळा न करता. "आणि तरी थोडं जातं. जाऊ दे. आपण त्यांच्या दारात घरं बांधलीत."

साधी माणसं, साधे उपाय. समितीपुढे मांडण्यासारखं यात काही नाही. फलकावर काय लिहिणार, 'सावकाश चाला'?

२७ जुलै

तोफ!

लहानपणी रमजानात आम्ही वाजवायचो तीच. जाड बांबू, आत पाणी आणि कार्बाइड, भोकाला काडी लावायची. कानात कापसाचे बोळे घातले, काडी लावली. अख्खी गल्ली हादरली. टोळी अशी उडाली की भिंतीवर शेपट्याच शेपट्या. सगळी चेऊ ओनींच्या परसात गेली.

म्हणजे माझ्या हद्दीबाहेर. खात्यात यालाच काम झालं म्हणत. पाण्याची तक्रार आली की कालव्याचं दार फिरवून पाणी पुढच्या गावात सोडायचं. मग तक्रार पुढचं गाव करायचं, पुढच्या कचेरीकडे.

२९ जुलै

समितीने माझं अभिनंदन केलं. पाक कोसासी म्हणाले, "पाक चिटणीस, हे डोकं इतके दिवस कुठे होतं?" चेऊ म्हणाल्या, "एमान, तू तुझ्याकडून हाकलतोस ती माझ्याकडे येतात. मी कुठे हाकलू?" मी म्हटलं, "तुम्हीही तोफ करा." त्या हसल्या नाहीत.

१ ऑगस्ट

आता प्रत्येक घरात तोफ आहे. पहिल्या घरात वाजते, टोळी दुसऱ्यात. दुसऱ्यात वाजते, तिसऱ्यात. शेवटच्या घरातून पुन्हा पहिल्यात. माकडांना दिवसातून चार वेळा गल्लीदर्शन घडतं. मशिदीतल्या म्हाताऱ्यांनी तक्रार केली आहे. पपई शून्य.

३ ऑगस्ट

चेऊ ओनी पडल्या.

सकाळी दहाच्या सुमाराला टोळी आली. मी कापूस घातला. तोफ दोनदा फसली, पाणी जास्त झालं होतं. बराच वेळ खटपट केली. तिसऱ्या वेळी वाजली. माकडं भिंतीवरून पलीकडे गेली. मिमिन माझ्यावर ओरडायला बाहेर आली आणि मधेच थांबून भिंतीकडे वळली. मी बोळे काढले. तेव्हा मला चेऊंची हाक ऐकू आली.

चेऊ फणसाखाली पडल्या होत्या, शिडी आडवी अंगाशेजारी. उजवं मनगट वाकडं दिसत होतं. पायाचा घोटा सुजलेला. चेहरा पांढराफटक. मला बघून म्हणाल्या, "एमान, शिडी उचल आधी, पायात येतेय."

दवाखान्यात नेलं. मनगट मोडलंय, घोटाही. किमान दोन महिने पाय टेकायचा नाही.

माझी तोफ, अचानक माकडांची धाड, आणि त्या शिडीवर. यात न कळण्यासारखं काय आहे?

४ ऑगस्ट

पाक कोसासी आले. म्हणाले, तालुक्याला अहवाल पाठवायचा, गल्लीत माणूस जखमी झालाय.

मी म्हटलं, "पडल्या शिडीवरून."

"पडल्या की पाडलं?"

"माकडं आली तेव्हाच पडल्या."

"मग लिहा तसं. माकडांमुळे."

लिहिलं : 'माकडांच्या हल्ल्यात महिला जखमी.' तोफेचा उल्लेख करायला नमुन्यात रकाना नव्हता. होता तरी मी केला नसता. हे इथे लिहितोय, कारण ही वही मिमिनही वाचत नाही.

७ ऑगस्ट

तालुक्याच्या पत्रात 'हल्ल्यात' चं 'जीवघेण्या हल्ल्यात' झालंय. जिल्ह्याच्या पत्रात 'हिंस्र टोळी', आणि अकराची चाळीस माकडं. तेहतीस वर्षांचा अनुभव असा आहे की कागद जिना चढताना नेहमी जाड होतो.

एक वार्ताहरही आला होता. माझा फोटो तोफेसह.

८ ऑगस्ट

मिमिन म्हणाली, "चेऊंच्या झाडांना पाणी कोण घालणार?" मी म्हटलं, समितीत ठराव आणू. तिने बादली माझ्या पायाशी ठेवली.

९ ऑगस्ट

पाणी घातलं. एकशे चौतीस झाडं. मोजली, कारण कंबर मोजत होती.

१२ ऑगस्ट

चेऊंना पाणी घातल्याचं सांगायला आत गेलो. खिडकीशी पलंग ओढून घेतलाय, तिथून परस दिसतं. मिमिन कसाव्याचा पाला शिजवून देऊन गेली होती, डाव्या हाताने खात होत्या.

"एमान, मिरच्यांना फार घालतोस. हळदीला कमी."

मग शांतपणे म्हणाल्या, "माझ्यावर म्हणे हल्ला झाला. पेपरात आलंय. हिंस्र टोळी. मला एकाचंही नख लागलेलं नाही रे."

मी हळदीला किती पाणी घालायचं ते विचारलं.

"तुला काही माहीत आहे का?"

मी म्हटलं, "अहवाल वरून बदलतात."

"हं," म्हणाल्या. "वरून."

१५ ऑगस्ट

स्पर्धेचे परीक्षक येऊन गेले. ओढ्याकाठी हिरवळ वाळून पिवळी पडली आहे, सावलीला झाडच नाही. एका परीक्षकबाईने विचारलं, "हिरवी गल्ली ती हीच का?" तेवढ्यात कुणी तरी स्वागताची म्हणून तोफ वाजवली. बाई टायरमध्ये बसल्या.

आम्हाला बक्षीस नाही.

१७ ऑगस्ट

झेंडावंदन झालं. मग पाक कोसासींनी आनंदाची बातमी दिली. जिल्ह्याने टोळी मारायची परवानगी दिली. पलीकडच्या भागातलं शिकारी मंडळ येणार, बंदुका आणि कुत्रे घेऊन. तारीख २६. सगळ्या टाळ्यांत माझीही होती.

त्यांच्यासाठी मंडप घालायचा, कोंबडी करायची आणि फलक लावायचा असं ठरलं.

१९ ऑगस्ट

चेऊंच्या परसात पाणी घालत होतो. भिंतीपलीकडे ओढ्याकाठी ती कानफाटकी म्हातारी एका टायरवर बसली होती. खालून झेंडूची फुलं उपटून हुंगायची, टाकून द्यायची. मग जिथे मोठा उंबर होता त्या बुंध्यावर गेली. वर बघितलं. वर काही नव्हतं. थोडा वेळ तिथेच बसली, पोटाशी पिल्लू. काठी आपटत सावकाश गेलो तर सावकाश उठून गेली. डोळ्यात बघितलं नाही मी. धीर झाला नाही.

शनिवारी हे सगळे मेलेले असतील. माझ्या एका शब्दावर. 'हल्ला.' अडीच अक्षरं, माझ्या सुंदर हस्ताक्षरात.

जेवलो नाही. मिमिनने कारण विचारलं. तिला सगळं सांगितलं. तोफ, वेळ, अहवाल.

"मला माहीत होतं," ती म्हणाली. "तुम्ही कधी सांगता ते बघत होते."

२१ ऑगस्ट

तालुक्याला गेलो. खिडकीवरच्या कारकुनाला म्हटलं, अहवालात दुरुस्ती करायची आहे.

"वाढवायची आहे का? किती जखमी?"

"कमी करायची आहे. हल्ला झालाच नाही. माझ्या तोफेमुळे बाई पडल्या."

त्याने तीन खण उघडले. म्हणाला, "नुकसान वाढल्याचा अर्ज आहे. कमी झाल्याचा नाही. आजवर कुणी मागितला नाही."

वरच्या साहेबांकडे पाठवलं. साहेब म्हणाले, "पाक एमान, तुम्ही खात्यातले जुने माणूस. इतका चांगला अहवाल मागे घेता? यावर तीन जणांच्या सह्या झाल्यात. ते काय खोटे पडायचे?"

तेहतीस वर्षं मी असल्याच खिडकीच्या आतल्या बाजूला होतो. बाहेरची बाजू आज पहिल्यांदा पाहिली. बसायला बाकसुद्धा नाही.

तरी कोऱ्या कागदावर लिहून दिलं : 'हल्ला झाला नाही. मी खोटं लिहिलं. एमान.' पोच मागितली. दिली नाही.

२३ ऑगस्ट

सभा. विषय मंडप आणि कोंबडी. मी उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. आवाज फाटला, पण सांगितलं. उंबरांचा ठराव माझा, तोफ माझी, 'हल्ला' हा शब्द माझा.

कुणी तरी मागून म्हणालं, "आता माकडांच्या बाजूचा चिटणीस झाला." हशा. दुसरा म्हणाला, "शेपूट कधी फुटणार?" पुन्हा हशा. माझ्याशी वीस वर्षं बुद्धिबळ खेळणारा माणूस म्हणाला, "आमच्या मक्याचं काय? तुझ्या मनाला टोचणी लागली म्हणून आम्ही उपाशी राहायचं?" मका त्याचा खरंच गेलाय.

पाक कोसासी म्हणाले, "हे इतिवृत्तात कसं लिहायचं?"

"झालं तसं."

"तशी पद्धत नाही, पाक चिटणीस."

मी इतिवृत्ताची वही त्यांच्यापुढे ठेवली आणि राजीनामा दिला. मग म्हटलं, "शिकार हवी असेल तर हल्ला झाल्याचा नवा अहवाल द्या. खाली ज्याला हवं त्याने सही करावी."

पेन बाकावर ठेवलं. ते पहिल्या रांगेतून दुसऱ्या रांगेत गेलं. दुसरीतून तिसरीत. शेवटच्या माणसाने ते पाक कोसासींना परत दिलं. त्यांनी खिशात ठेवलं आणि म्हणाले, "पेन चांगलं आहे."

२६ ऑगस्ट

शिकारी आले नाहीत. पाक कोसासींनीच फोन करून कळवलं म्हणे, 'तांत्रिक अडचण'. कोंबडी मात्र झाली. मला बोलावणं नव्हतं. मिमिनने सोयाबीनचं तेंपे तळलं, ठेचा केला. प्रत्येक घास तोंड वाकडं न करता खाल्ला.

२ सप्टेंबर

बाजारात दोघांनी तोंड फिरवलं. बुद्धिबळ बंद.

चेऊंना सगळं सांगायचं राहिलं होतं. सभेतलं त्यांच्या कानावर गेलंच असणार, पण तोंडाने सांगायला हवं होतं. आज सांगितलं. म्हटलं, चेऊ, मनगट माझ्यामुळे मोडलं. माफ करा.

त्यांनी डाव्या हाताने खिडकीबाहेर बोट केलं. मग म्हणाल्या, "ओढ्याकाठी काही लावशील का?"

"काय लावू?"

"उंबराच्या फांद्या. रानकेळी. पलीकडच्या काठाला कसावा. उंबराला फळ धरायला वर्षं लागतील, पण केळी येतील लवकर. आणि ते टायर काढ बाबा, डास होतात."

१० सप्टेंबर

टायर काढले, चौदा. प्रत्येकात पाणी, प्रत्येकात डासांची अंडी.

२४ सप्टेंबर

बावीस उंबराच्या फांद्या, तीस केळीचे मुनवे. मिमिन खड्ड्यात राख टाकते, मी माती लोटतो. बुद्धिबळवाला काठावर येऊन उभा राहिला. विचारलं, "मक्याभोवती हळद लावली तर खरंच येत नाहीत?" मी म्हटलं, "कमी येतात." तो म्हणाला, "एवढंच?" म्हटलं, "एवढंच." कुदळ घेऊन आला.

८ ऑक्टोबर

चेऊंचं मनगटाचं प्लास्टर निघालं. आता काठी घेऊन अंगणापर्यंत येतात आणि माझ्या चुका काढतात.

आमच्याकडे पपया चार उतरवल्या, हिरव्याच, तांदळात ठेवल्या. दोन माकडांनी नेल्या. पूर्ण खाल्ल्या.

२९ ऑक्टोबर

दुपारी चेऊंकडे चहा. उकडलेल्या शेंगा फोडता फोडता सहज म्हणाल्या, "एमान, मी पडले ना, ती तुझ्या तोफेच्या आधी. शिडीची पायरी कुजकी होती. केवढा वेळ पडून हाका मारत होते, कुणाला ऐकूच जाईना. तोफ वाजली, मिमिन बाहेर आली, म्हणून सापडले."

इतके दिवस बोलला का नाहीत, विचारलं.

"पाणी चांगलं घालत होतास."